अठ्ठेचाळीस फुलं

दारातल्या फटीवरचं पत्र्याचं झाकण खडखडलं आणि काहीतरी जाडसर, कडक लादीवर आपटलं. बस्स, एवढंच. पण दुपारी तीन वाजता, भिंगरीचा नुकता डोळा लागलेला असताना, तो आवाज घरभर फिरून परत आला असं तिच्या आईला वाटलं. माउसवरचा हात न उचलता तिने कानोसा घेतला. आतल्या खोलीत पोरीने कूस बदलली, नाकातून एक लांब सुस्कारा सोडला आणि पुन्हा सगळं निवांत झालं. संगणकाचा पंखा तेवढा घुरघुरत राहिला. भिंगरी साडेचार वर्षांची. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ती चालायला लागली त्याच आठवड्यात आजोबांनी तिला हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. ती झोपली की तासभर, फार तर सव्वा तास, घर तिच्या आईचं एकटीचं. नवरा सातला यायचा. या तासात कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणं, राहिलेले फोन, आणि जमलंच तर भिंतीला टेकून नुसतं बसणं, असं काय काय मावायचं. आज त्या सगळ्याला फाटा देऊन ती बाबांच्या जुन्या संगणकासमोर बसली होती, आणि मेलेल्या माणसाच्या वतीने शुभेच्छापत्र करत होती. असं उघड उघड तिने ते मनात म्हटलं मात्र, आणि लगेच डोळ्यांसमोरच्या चौकटीकडे नको इतकं बारकाईने बघायला लागली.

चौकट सुरेख होती, त्यात वाद नाही. पाच पाकळ्यांचं, खाली आखूड देठ असलेलं एक लहानसं निळं फूल, त्याच्याशेजारी तसंच दुसरं, तिसरं, असं करत पानाच्या चारी कडांनी फिरून आलेली माळ. वर बारा, खाली बारा, दोन्ही बाजूंना बारा बारा. हे कार्डाचं पुढचं पान. आतल्या पानाच्या पांढऱ्या जागेत तिने लिहिलं होतं, 'लवकर बरी होऊन घरी ये.' शेवटच्या अक्षरापुढे उभी रेघ लुकलुकत होती, पुढे काय म्हणून विचारत असल्यासारखी. पुढे काय, ते तिला सुचत नव्हतं. बाबा मुळात दोन ओळींच्या वर कधी लिहीत नसत. सगळा जन्म दुसऱ्यांचा मजकूर जुळवण्यात गेला, आता स्वतःचं लिहायला हात वळत नाही, असं म्हणायचे.

बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. आत्याला ते सांगितलेलं नव्हतं. आत्या म्हणजे बाबांची पाठची बहीण. दूरच्या शहरात मुलाकडे राहायची, हृदय कमकुवत, कानांनी जवळजवळ ठार, त्यामुळे फोनचा प्रश्नच नव्हता. बाबा गेले त्या आठवड्यात तीही दवाखान्यातच होती. आत्याच्या मुलाने फोनवर खालच्या आवाजात सांगितलं होतं, "अगं, तिला आत्ता नको सांगायला. डॉक्टर म्हणतात धक्का नको. तिच्या वाढदिवसाला मामाचं नेहमीचं कार्ड तेवढं वेळेवर येऊ दे, बाकीचं मी बघतो." त्याच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. तिने हो म्हटलं. हो म्हणताना आपल्याला इतकं हलकं का वाटलं, हे मात्र तिने स्वतःला विचारलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी वाढदिवसाचं कार्ड गेलं. आणि परवा पुन्हा त्याचा फोन: ऑपरेशन ठरलंय, पुढच्या गुरुवारी, मामाकडून दोन ओळी आल्या तर तिला धीर येईल. मग झालं की सांगू, सावकाश. तिने विचारलं, वाढदिवसाचं कार्ड बघून काही म्हणाली का आत्या? "छे. दोन दिवस उशाशी घेऊन बसली होती, भिंग लावून. तिला तेवढाच विरंगुळा."

भिंग लावून. हे दोन शब्द परवापासून तिच्या अंगात कुसळासारखे शिरले होते. कुठे टोचतंय ते कळत नव्हतं, पण हलवलं की टोचत होतं.

कारण त्या कार्डातली सही. चौकट बाबांनीच केलेली, संगणकात जपून ठेवलेली. मजकूर काय, कुणीही टाईप करावा. पण खाली 'दादा' ही दोन अक्षरं बाबा नेहमी पेनाने लिहायचे. ती कुठून आणायची? दोन दिवस तिने कपाटं उपसली. बँकेच्या कागदांवर पूर्ण नाव होतं, दवाखान्याच्या फॉर्मवर पूर्ण नाव होतं, ते काही कामाचं नव्हतं. आणि मग एका दुपारी भिंगरीच्या चित्रांच्या गठ्ठ्यात ते सापडलं. बाबांना कागद वाया घालवलेला खपायचा नाही. बिघडलेल्या प्रती ते पाठकोऱ्या म्हणून नातीला चित्रं काढायला द्यायचे. त्यांतल्याच एका बिघडलेल्या कार्डावर, शाई जरा पसरलेली, बाबांचं 'दादा' होतं. आणि मागची बाजू भरल्यावर भिंगरीने पुढच्या बाजूलाही एक भलामोठा सूर्य काढला होता, पिवळाजर्द, गिरगटलेला, आणि त्या सूर्याचा एक किरण सरळ आजोबांच्या अक्षरांवरून गेला होता. तिने तो कागद स्कॅन केला. पडद्यावर तो हवा तेवढा मोठा करून, एकेक पिवळा ठिपका खोडत बसली. तीन दुपारी गेल्या त्यात. मोठं केल्यावर अक्षरं अक्षरं राहत नव्हती. काळ्या दगडांची रांग व्हायची, कुठे दाट, कुठे विरळ, जिथे बाबांचा हात थबकला तिथे डबकं. त्या दगडांवरून ती चालत गेली. हाताला कंप होता त्यांच्या, शेवटच्या वर्षात; तो इथे पायऱ्यापायऱ्यांनी दिसत होता. शेवटचा काना मात्र सूर्याने पुरता गिळला होता. पिवळं खोडलं की काळंही जायचं. शेवटी तो काना तिने माउसने स्वतःच काढला. वीसेक वेळा काढून पुसला, तेव्हा कुठे बऱ्यापैकी जमला.

आणि खरं सांगायचं तर, त्या तीन दुपारी तिला बाबा गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं होतं. ही गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. कुणाला सांगण्यासारखी नव्हतीच. इथे, या घरात, बाबा गेले होते. त्यांचा चष्मा डब्यात गेला, त्यांची खाट खाली भाडेकरूंच्या मुलाला गेली, त्यांच्या खोलीला आता सगळे 'संगणकाची खोली' म्हणायला लागले होते. भिंगरीसुद्धा पहिल्यासारखी दाराशी जाऊन उभी राहत नव्हती. पण तिकडे, त्या दूरच्या शहरात, एका म्हातारीच्या लेखी बाबा अजून होते. चहा पीत होते, कुरकुरत होते, पोस्टात जाऊन तिकीट लावत होते. जगात एवढी एकच जागा उरली होती. आत्याच्या जिवाला जपायचं म्हणून आपण हे करतोय, असं सगळ्यांना वाटत होतं आणि ते खोटं नव्हतं. पण पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकताना तिच्या छातीत जे हललं होतं ते आत्यासाठी नव्हतं. उद्या आत्याला कळलं की तिथलेही बाबा जाणार, आणि मग ते कुठेच नसणार.

ती उठली. पाय वाजू न देता दाराशी गेली. लादीवर पालथं पडलेलं खाकी पाकीट, आत पुठ्ठा असावा तसं ताठ. उलटं केलं तर वरचं अक्षर आत्याचं. वळणदार, एका ओळीत, कुठे खाडाखोड नाही. पत्ता तिच्या घराचा, नाव बाबांचं. पाच महिन्यांत बाबांच्या नावाने पाकिटं येतच होती, विजेचं बिल, पेन्शनरांच्या संघटनेचं निमंत्रण, पण ती छापलेली. हाताने लिहिलेलं त्यांचं नाव एवढ्या दिवसांत तिने पाहिलं नव्हतं. चोरी करताना पकडावं तसे आपण पकडले गेलो आहोत असं तिला उगीचच वाटलं. तिने पाकीट फोडलं नाही. ते हातात घेऊन ती खुर्चीवर येऊन बसली, आणि ते कळफलकावर आडवं ठेवलं.

दरवर्षी यायचं असं एक पाकीट, वाढदिवसानंतर तीनेक आठवड्यांनी. आभाराचं पत्र असेल, अशी तिची समजूत. बाबा ते खिडकीशी उभे राहून फोडायचे, एकटेच हसायचे, खालच्या खणात टाकायचे आणि खणाला किल्ली लावायचे. एकदा तिने विचारलं होतं, काय लिहिते हो आत्या एवढं? तर म्हणाले, लिहीत नाही, तपासते. तिला वाटलं, म्हाताऱ्यांचं काहीतरी. दोघंही एकाच छापखान्यात नोकरीला होती ना तरुणपणी. बाबा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि आत्या प्रुफं तपासायची. तिथला एक किस्सा बाबा जेवताना नेहमी सांगत. कुठल्याशा बड्या असामीच्या निमंत्रणपत्रिका होत्या, पाचशे. बाबांनी वेलबुट्टीच्या खिळ्यांची चौकट जुळवली, आत्याने प्रूफ पास केलं, आणि पाचशेच्या पाचशे पत्रिका छापून झाल्यावर मालकाच्या लक्षात आलं की खालच्या डाव्या कोपऱ्यातलं एक फूल डोक्यावर उभं आहे. मालकाने छापखाना डोक्यावर घेतला. बाबा म्हणाले, प्रूफ पास झाल्यावर खिळा निसटला, मी घाईत उलटा बसवला, तिचा काही दोष नाही. आत्याची नोकरी वाचली. "आणि तेव्हापासून," बाबा घास थांबवून म्हणायचे, "ती माझं एक फूल देणं लागते." मग स्वतःच हसायचे. भिंगरीला त्यातलं डोक्यावर उभं राहिलेलं फूल तेवढं आवडायचं. ती लगेच डोकं जमिनीला लावून पाय वर करायला बघायची.

निवृत्तीनंतर बाबांनी हा संगणक घेतला, तोही दुसऱ्याने वापरलेला. सुरुवातीला त्यांचा त्यावर भारी राग. अक्षरांना वजन नाही म्हणायचे, हातात धरता येत नाही, तर जुळवायचं काय? पण वर्षभरात बसले सराईतासारखे. जाड कागद एका बाजूने छापून पुन्हा उलटा घालायचा, तो कुठल्या तोंडाने घालायचा हे विसरायला होतं म्हणून कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक फुली करायचे. तिच्याकडूनच शिकले सगळं. शिकवताना ती चिडायची; तेव्हा पोर तान्ही होती, झोप नव्हती, आणि हे विचारायचे तेच तेच. "एकच फूल फिरवता येतं का ग, की सगळीच फिरतात?" तिने दाखवलं, हे असं निवडायचं, हे असं फिरवायचं. "आणि आता बंद करताना हा विचारतोय, बदल जतन करू का. हो म्हणा, बाबा." त्यांनी 'नाही'वर टिचकी मारली. ती म्हणाली, अहो, गेलं ना सगळं. "असू दे. ते जतन करायचं नसतं." तिने कपाळावर हात मारून घेतला होता. आत पोर रडत होती. त्या वेळी ती उठून गेली होती, आणि पुन्हा कधी तिने त्यांना काही दाखवलं असेल तर आठवत नाही.

पाकीट तिने कात्रीने कापलं, सरळ, कडेने. आतून निघालं तिचंच कार्ड. तीन आठवड्यांपूर्वी पाठवलेलं. आधी तिला काही उमजेना. पत्ता चुकून परत आलं की काय, पण पत्ता तर आत्याने लिहिलाय. चिठ्ठी नाही, काही नाही. मग तिने कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. चौकटीतल्या प्रत्येक फुलाच्या बाहेरच्या अंगाला लाल पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. एकही फूल सुटलेलं नव्हतं. आणि आतल्या अंगालाही ठिपके, जरा फिके, जरा थरथरते. म्हणजे कुणीतरी एकदा पूर्ण फेरी मारली होती, आणि मग परत पहिल्या फुलापासून सुरुवात केली होती. खालच्या डाव्या कोपऱ्यात, एका फुलाशी, तीन ठिपके होते.

किल्ली कुठे असते ते तिला ठाऊक होतं. पाच महिने ठाऊक होतं. टेबलाखाली वाकून तिने किल्ली फिरवली आणि खालचा खण ओढला, हळू, कुरकुरू नये म्हणून वर उचलून धरत. आत रबर लावलेला गठ्ठा. चार कार्डं. चार वर्षांची. सगळ्यांवर तीच निळी फुलं, तीच चौकट. पहिल्या कार्डात वरच्या ओळीतलं सातवं फूल देठ वर करून उभं होतं. त्याच्याभोवती लाल वर्तुळ, आणि शेजारी आत्याच्या अक्षरात एकच शब्द: सापडलं. दुसऱ्यात उजव्या कडेचं शेवटून तिसरं. सापडलं. तिसऱ्यातही. वर्तुळं वर्षागणिक सैल होत गेलेली, अक्षर वर्षागणिक मोठं. गेल्या वर्षीच्या कार्डात फूल उलटं नव्हतं, किंचित कललेलं होतं फक्त. बाबांचा हात तेवढाच वळला असणार, की मुद्दामच अवघड केलं होतं, कोण जाणे. तेही सापडलं होतं.

कार्डं लादीवर पसरून ती तिथेच बसली. म्हणजे त्यांनी दरवर्षी एक चूक पाठवली होती, आणि तिने एकही न करता कार्ड पाठवलं. कुठे काही राहू नये म्हणून ती चौकट चारदा तपासली होती तिने. भिंग लावून म्हातारी दोन दिवस आपल्या भावाला शोधत बसली आणि तो कुठल्याच फुलामागे नव्हता. पण मग पुढचा विचार असा झरकन आला की तिची तिलाच लाज वाटली: अजून वेळ गेलेली नाही. यंदा दादा विसरला, एवढंच वाटलं असेल तिला. म्हातारपण आहे, विसरतं माणूस. हे दुसरं कार्ड अजून इथेच आहे, पडद्यावर. ती उठली, खुर्चीच्या कडेवर कशीबशी टेकली, डाव्या कडेचं पाचवं फूल निवडलं आणि फिरवलं. फूल गर्रकन वळून डोक्यावर उभं राहिलं. इतकं सोपं होतं ते. एकच फिरलं, बाकीची सत्तेचाळीस जशीच्या तशी. तिला हसू फुटलं, बाबांसारखंच, एकटीचं. जाड कागद तिने फुली बघून घातला. आता हे जाईल, आत्या ठिपके देत येईल, पाचव्यापाशी थांबेल, लिहील, सापडलं. आणि ऑपरेशनच्या खोलीत जाईल. आणि बाबा राहतील.

छापण्याचं बटण दाबायच्या आधी तिने परत आलेलं कार्ड उचललं, खणात बाकीच्यांसोबत ठेवायला. ते तोवर तिने उघडलंच नव्हतं. ते आपसूक हातात उघडलं.

आत मजकुराखाली 'दादा' होतं. दोन्ही अक्षरांना आत्याने हात लावलेला नव्हता. फक्त शेवटच्या कान्याभोवती, त्या एका उभ्या रेघेभोवती, तांबडं वर्तुळ होतं. लहान, गच्च, अजिबात न थरथरणारं. छापखान्यातल्या पोरीचा हात असावा तसं. शेजारी 'सापडलं' लिहिलेलं नव्हतं. तिथे नुसता एक खोल ठिपका होता, पेन्सिल टेकवून कुणी बराच वेळ बसून राहावं आणि मग न लिहिताच उचलावी तसा. कागद त्या जागी दबला होता. मागून बोट फिरवलं तर उंचवटा लागत होता.

बोट तिने तिथेच ठेवलं. आत्याला काय सापडलं होतं? दादाने या वर्षी मोठी चलाखी केली, फुलं सोडून सहीतच चूक लपवली, असं वाटून ती हसली असेल? की भिंगाखाली तिला ती रेघ दिसली, जिच्यात कंप नव्हता, आणि तिने पेन्सिल टेकवली आणि कळलं? आणि कळूनही मुलाला काही म्हणाली नाही, पाकीट मात्र दादाच्या नावाने पाठवलं, कारण तिलाही ती जागा हवी होती? पडद्यावर उलटं फूल डोक्यावर उभं होतं. छापू का, असं यंत्र विचारत होतं. आत्या आता गादीवर पडून असेल, गुरुवारची वाट बघत, आणि एकतर तिला सगळं ठाऊक असेल किंवा काहीच ठाऊक नसेल, आणि या दोहोंच्या मध्ये हे घर होतं, ही दुपार होती, आणि ती होती, हातात कागद धरून. जे कार्ड जाईल ते एका बाईला धीर देईल, किंवा तिच्या तोंडावर केलेली थट्टा होईल. न गेलं तर तेही उत्तरच.

मागे अनवाणी पावलं वाजली. भिंगरी दारात उभी होती, गालावर उशीची वळी उमटलेली, एका हाताने डोळा चोळत. तिने आईकडे पाहिलं, लादीवर पसरलेल्या कार्डांकडे पाहिलं, आणि झोपेतच चालत येऊन मांडीत शिरली. तिच्या केसांना ऊब आणि घाम होता. आई कार्ड मिटणार तोवर तिने त्यावर बोट ठेवलं.

"हे माझ्या सूर्याच्या कागदावरचं आहे," ती म्हणाली.

आईने हूं केलं.

"आजोबांनी लिहिलंय." बोट वर्तुळाभोवती हळूहळू फिरलं, रेघेला धक्का न लावता. शाळेत बाई चुकलेल्या अक्षराला असाच गोल करत, आणि मग ते अक्षर घरून पुन्हा काढून न्यावं लागे, हे तिला पक्कं माहीत होतं. रोज संध्याकाळी त्यावरून दोघींचं वाजायचं. तिने तोंड वर करून आईच्या हनुवटीखालून पाहिलं.

"बाईंनी गोल केलं की परत लिहायचं असतं ना? मग आई, आजोबा परत कधी लिहिणार?"